शांता शेळके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शांताबाईंची थोडक्यात ओळख कशी करून द्यावी?

शांता जनार्दन शेळके. जन्म १२ ऑक्टोबर १९२२, पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरचा. निधन ६ जून २००२, पुण्यात. ऐंशीला चार महिने कमी होते. कवयित्री, गीतकार, कथाकार, कादंबरीकार, अनुवादक, ललितलेखिका, पत्रकार आणि प्राध्यापक ही सगळी विशेषणं खरी आहेत. पण एका दमात म्हटली की त्यांतून काहीच हाती लागत नाही. त्यापेक्षा एवढं सांगावं: कालिदास वाचून पचवलेल्या बाईंनी कोळीगीत लिहिलं, आणि दोन्हीकडे शब्द तितक्याच काळजीने निवडला. बाकीचं लोक आपण होऊन विचारतात.

त्यांचं शिक्षण नेमकं कुठे झालं? पुण्यात शिकल्या, मग पदवी मुंबई विद्यापीठाची कशी?

वडील वनखात्यात होते, त्यामुळे लहानपण फिरतीत गेलं. वडील लवकर वारले आणि कुटुंब पुण्याला काकांकडे आलं. शाळा हुजूरपागा, कॉलेज सर परशुरामभाऊ. तिथे श्री. म. माटे यांच्यासारखे शिक्षक लाभले. त्या काळी पुण्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. पुणे विद्यापीठ निघालं १९४९ साली. त्यामुळे त्यांची एम. ए. मुंबई विद्यापीठाची आहे, यात विसंगती काही नाही. निबंधात 'पुणे विद्यापीठातून एम. ए.' असं लिहिलेलं दिसलं, तर ते चूक आहे.

नोकरी कुठे कुठे केली?

आधी आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग' साप्ताहिकात पाच वर्षं. मग नागपूरचं हिस्लॉप कॉलेज, तिथून मुंबईत रुईया आणि पुढे परळचं महर्षी दयानंद महाविद्यालय. निवृत्तीनंतर पुणे.

या यादीतलं पहिलं नाव लोक घाईत ओलांडून जातात. साप्ताहिकात लिहिणाऱ्याला मजकूर ठरल्या वारी, ठरल्या जागेत बसेल एवढा द्यावा लागतो. 'सुचलं नाही' हे उत्तर तिथे चालत नाही. पुढे संगीतकाराने चाल ऐकवायची आणि त्यात बसणारे शब्द हवे म्हणायचं, या कामाला शांताबाई कधी बिचकल्या नाहीत. त्या सवयीचं बीज, आमच्या मते, या पाच वर्षांत आहे.

त्या कादंबरीकारही होत्या का? कादंबऱ्यांची नावं फारशी ऐकू येत नाहीत.

होत्या. 'ओढ', 'धर्म', 'पुनर्जन्म', 'विझती ज्योत', 'माझा खेळ मांडू दे' ही त्यांतली काही नावं. 'नरराक्षस', 'भीषण छाया' आणि 'चिखलदऱ्याचा मांत्रिक' ही शीर्षकंसुद्धा त्यांचीच. 'तोच चंद्रमा' लिहिणारी बाई आणि 'नरराक्षस'? विश्वास बसत नाही, पण हेच खरं. उच्च साहित्याचं सोवळं नेसून बसणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

कथेने तर सुरुवातच झाली. पहिला कथासंग्रह 'मुक्ता' १९४४ चा, म्हणजे पहिल्या कवितासंग्रहाच्या तीन वर्षं आधीचा. पुढे 'गुलमोहोर', 'अनुबंध', 'बासरी', 'काचकमळ' आले. तरी मराठी वाचकांनी त्यांची कविता आणि ललितलेखन जवळ केलं, कादंबरी मागे राहिली. हा निवाडा अन्यायाचा आहे असं आम्हांला वाटत नाही. पण कवितेतला तपशिलाचा सोस (कापड, भांडी, अंगण, वास) कुठून आला हे पाहायचं असेल, तर त्यांचं कथालेखन चाळावंच लागतं.

कादंबऱ्या जुन्या ग्रंथालयांत शोधाव्या. सूचीत 'शेळके, शांता ज.' असं पाहा; न मिळाल्यास 'शान्ता' हे रूपही घालून पाहा. संगणकीय सूचीला ही दोन रूपं म्हणजे दोन वेगळी माणसं वाटतात. अर्धी पुस्तकं 'नाहीत' असं उत्तर येतं ते याच कारणाने.

पहिल्यांदाच वाचायला घेणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

'समग्र' शोधत बसू नका. 'पैठणी' ही एक कविता आधी वाचा; पाठ्यपुस्तकातून ती बहुतेकांना माहीत असते, पण परीक्षेसाठी वाचलेली कविता आपण खरी वाचलेली नसते. मग पुढचा क्रम असा ठेवा:

१. 'धूळपाटी'. हे आत्मपर लेखन. पूर्वी मुलं पाटीवर धूळ पसरून त्यात बोटाने अक्षरं गिरवत, पुसत, पुन्हा गिरवत. शीर्षकाचा अर्थ मनात ठेवून वाचलं, की तारखांची अपेक्षा आपोआप गळून पडते.

२. 'गोंदण' (१९७५). कवितेला इथून सुरुवात करा, पहिल्या संग्रहापासून नको.

३. 'वडीलधारी माणसे' किंवा 'आनंदाचे झाड'. रोज एक लेख पुरे.

४. मग 'अनोळख' (१९८६) आणि 'जन्मजान्हवी' (१९९०).

५. 'वर्षा' (१९४७) सगळ्यात शेवटी. हा पहिला संग्रह. त्यावर रविकिरण मंडळ या जुन्या कवींच्या गटाची, विशेषतः त्यातल्या माधव ज्यूलियनांची दाट छाया आहे. याने सुरुवात केली तर 'हे तर जुन्या वळणाचं' म्हणून पुस्तक मिटलं जातं. शेवटी वाचलं तर तीच छाया मोलाची ठरते, कारण कुठून निघून कुठे पोचल्या हे दिसतं.

'पैठणी' ही कविता वाचून दाखवायची आहे. काय सांभाळावं?

ही कविता वाचताना सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो शेवटाच्या घाईने. वाचणाऱ्याला शेवट भावुक आहे हे ठाऊक असतं, म्हणून तो पहिल्या ओळीपासूनच आवाज ओला करतो. सुरुवात कोरडी आहे. फडताळ, गाठोडं, त्यातले जुने कपडे: नुसती मोजदाद. फडताळ म्हणजे भिंतीतलं कपाट. नव्या घरांत ते नाही, म्हणून मुलांना आधी शब्द समजावून सांगावा. नाहीतर पहिल्याच ओळीला ती अडखळतात आणि मग कविता ऐकत नाहीत.

मधला टप्पा कवितेचा कणा आहे. आजी हीच पैठणी लग्नात नेसली. नव्या कापडाचा कडक पोत वर्षानुवर्षांच्या वापराने मऊ होत जातो, आणि तेच संसाराचंही होतं. उपमा कुठेही 'जसं, तसं' म्हणून मांडलेली नाही. कापडाचं वर्णन चालू असतानाच आयुष्य सांगून होतं. इथे आवाज चढवू नका, वेग थोडा कमी करा. शेवटी पैठणीला निरोप सांगितला जातो, तिथे एक पूर्ण श्वास घ्या आणि साध्या आवाजात म्हणा, समोरच्या माणसाला सांगावं तसं.

आणखी एक. पैठणीचा इतिहास, विणकाम, पदरावरचे मोर अशी प्रस्तावना जोडण्याचा मोह होतो. दोन वाक्यांपुढे जाऊ नये. कविता साडीबद्दल नाही.

'तोच चंद्रमा नभात' हे संस्कृत श्लोकाचं भाषांतर आहे का?

भाषांतर नाही. बीज मात्र तिथलं आहे. शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या नावावर असलेला, मम्मटाच्या 'काव्यप्रकाश' या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात उद्धृत झालेला 'यः कौमारहरः स एव हि वरस्ता एव चैत्रक्षपाः' हा शार्दूलविक्रीडित वृत्तातला श्लोक. क्षपा म्हणजे रात्र. 'चैत्रक्षपा'ची 'चैत्रयामिनी' झाली, तिथला फुललेल्या मालतीचा गंध इथे जाईच्या कुंजात आला. 'तोच, तीच, तेच' ही पुनरुक्तीही श्लोकातलीच.

गंमत फरकात आहे. श्लोकात बोलते ती स्त्री. प्रियकर तोच, रात्री त्याच, वारा तोच, मीही तीच. तरी मन ओढ घेतं ते रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, काठच्या वेताच्या झाडाखाली. म्हणजे प्रेम शाबूत आहे, फक्त जागा हवी आहे ती चोरट्या भेटींची. शांताबाईंच्या गाण्यात बोलतो तो पुरुष, आणि सगळं तसंच असून नाहीसं झालंय ते प्रेमच. श्लोकातली हुरहुर गाण्यात रितेपण होते. निवेदक मंडळी 'या गाण्याचं मूळ संस्कृतात आहे' एवढं सांगून थांबतात; सांगण्याजोगं खरं तर त्यापुढेच सुरू होतं. सुधीर फडक्यांच्या शांत गायकीमुळे अनेकांना हे प्रेमगीत वाटतं आणि ते लग्नसमारंभात हौसेने गायलं जातं. दुसरं कडवं नीट ऐकलं तर वधूवरांसमोर हे गाणं म्हणायचं धाडस होणार नाही.

या गाण्याचं वृत्त कोणतं?

पहिली ओळ लघु-गुरू लावून पाहा:

तोच चंद्र । मा नभात । तीच चैत्र । यामिनी

गुरूच्या दोन मात्रा, लघूची एक. पहिल्या तिन्ही गटांत सहा-सहा, शेवटच्यात पाच, एकूण २३. ही एकटी ओळ पाहिली तर गुरू, लघू, गुरू, लघू असं अखंड आलटून पालटून चालतं आणि अक्षरं १५ भरतात. म्हणून कुणी तिला 'चामर' हे अक्षरगणवृत्त (लघु-गुरूंचा क्रम ठरलेलं वृत्त) ठरवतात. दुसऱ्याच ओळीला ते मोडतं, कारण ती 'एकांती' या सलग तीन गुरूंनी सुरू होते. मात्रा मात्र पुन्हा ६, ६, ६, ५. तेव्हा हे मात्रावृत्त आहे, म्हणजे क्रम नव्हे, फक्त मात्रा मोजायच्या. पहिली ओळ चामराच्या साच्यात बसते एवढंच.

मोजताना होणाऱ्या चुका तीन. एक, 'चं' लघू धरणं. अनुस्वारामुळे तो गुरू आहे. दोन, 'यामिनी'तला 'मि' दीर्घ लिहिणं. एक मात्रा वाढते आणि शेवटचा गट सहाचा होतो. तिसरी चूक छापणाऱ्यांची. दुसऱ्या ओळीतला 'तूहि' हा शब्द ऱ्हस्व हि-ने आहे. प्रमाणलेखनाच्या नियमाने शेवटची वेलांटी दीर्घ हवी, म्हणून मुद्रितशोधक 'तूही' करतात आणि २३ च्या २४ मात्रा होतात. वृत्तासाठी ऱ्हस्वदीर्घाची सूट कवीला आहे. कविता टंकताना ती 'शुद्ध' करू नये.

चालीवर शब्द लिहिण्याची पद्धत काय असते? शिकणाऱ्याला यांच्या गीतांतून काय घेता येईल?

चित्रपटगीतात आणि भावगीतात चाल आधी आणि शब्द नंतर हे सर्रास घडतं. पद्धत साधारण अशी:

चाल दहा-पंधरा वेळा ऐका, शब्द मनात येऊ देऊ नका. मग निरर्थक अक्षरांवर गुणगुणा: लांब सुराला 'दा', आखूडाला 'द'. ते कागदावर उतरवा. सूर जिथे थांबतो, ताणला जातो, तिथे खूण करा. त्या जागी आ, ई, ए, ओ असा मोकळा स्वर हवा. जलद जागेवर 'क्ष', 'ष्ट्य' अशी जोडाक्षरं ठेवू नका. गायकाची जीभ अडकते आणि तो शब्द गिळतो. सम (तालाची पहिली मात्रा) जिथे येते तिथे अर्थाचा शब्द ठेवा. 'आणि', 'तर', 'ही' अशी अव्ययं समेवर पडली की ओळ पोकळ वाजते. मुखडा शेवटी पक्का करा, कारण प्रत्येक कडव्यानंतर त्याच्याकडे परतायचं असतं आणि दर वेळी तो थोडा वेगळा अर्थ द्यायला हवा.

शांताबाईंचं 'ही वाट दूर जाते' घ्या. मुखड्याच्या या चार शब्दांत एकच जोडाक्षर नाही, आणि ताणायच्या जागी 'वा', 'दू', 'जा' असे दीर्घ स्वर हजर आहेत. 'जिवलगा' हा शब्द हाकेचा आहे आणि शेवटी आकार आहे. हाक हवी तेवढी लांबवता येते. हे आपोआप झालं असेल असं मानायला आम्ही तयार नाही.

नवशिक्यांचं बिनसतं ते बहुतेक एकाच ठिकाणी: मात्रा भरण्यासाठी घातलेले शब्द. 'सखे गं', 'आज रे', 'ते असे'. कडवं लिहून झालं की असे शब्द खोडून गद्यात वाचा. अर्थ तसाच राहिला तर ती ओळ पुन्हा लिहायला घ्या.

'मी डोलकर' मधला डोलकर म्हणजे डुलणारा का?

नाही! डोल हे मासेमारीच्या जाळ्याचं नाव. मोठ्या तोंडाचं, मागे निमुळतं होत गेलेलं पिशवीसारखं जाळं. ते प्रवाहात एका जागी बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आत जाते. ते लावणारा तो डोलकर. त्याचं येणं-जाणं पाण्याच्या वेळेवर ठरतं, म्हणून गाण्यात घर पाण्यावर आणि बंदराला फक्त ये-जा. शब्दाचा अर्थ कळला की ही ओळ अलंकार राहत नाही, कामाचं वेळापत्रक होते. अर्थात 'डोलकर' तीनदा म्हणताना होडी डुलल्याचा भास होतो, तोही काही फुकटचा नाही.

गाताना 'पान्यावरी' असंच म्हणा. कोळी बोलीत 'ण'चा 'न' होतो. शाळेच्या कार्यक्रमांत तो सुधारून 'पाण्यावरी' केला जातो आणि बोली तिथेच निसटते. हे गाणं हेमंत कुमार आणि लता मंगेशकर यांनी गायलं, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचं.

कोणती गाणी त्यांची, कोणती नाहीत? नेहमी वाद होतो.

निःशंक त्यांची: तोच चंद्रमा नभात, ही वाट दूर जाते, जिवलगा राहिले रे दूर घर माझे, मागे उभा मंगेश, गणराज रंगी नाचतो, हे श्यामसुंदर राजसा, जाईन विचारित रानफुला, ऋतु हिरवा, वादळवारं सुटलं गो, काटा रुते कुणाला ('हे बंध रेशमाचे' या नाटकातलं, संगीत जितेंद्र अभिषेकी). 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) या चित्रपटातली रेशमाच्या रेघांनी आणि शूर आम्ही सरदार हीसुद्धा.

त्यांच्या नावावर चुकून खपणारी: 'चांदण्यात फिरताना' सुरेश भटांचं, 'ये रे घना' आरती प्रभूंचं, 'ऐरणीच्या देवा' जगदीश खेबुडकरांचं. पहिल्या दोनांचं कारण सरळ आहे. आशा भोसले गायिका, हृदयनाथ संगीतकार. त्याच जोडीने शांताबाईंची गाणी केली, कार्यक्रमांत ती एकापाठोपाठ येतात आणि श्रेय मिसळतं.

'डॉ. वसंत अवसरे' कोण?

शांताबाईच. काही गीतं त्यांनी या टोपणनावाने लिहिली. जुन्या तबकडीवर किंवा गीतसंग्रहात हे नाव दिसलं की तो वेगळा कवी समजून नोंद करू नका. संगीतात लता मंगेशकरांनी 'आनंदघन' हे नाव घेतलं होतं, तसाच हा प्रकार. सूची करताना मूळ छापलेलं नाव तसंच ठेवून पुढे 'म्हणजे शांता शेळके' अशी जोड द्यावी. नुसतं बदलून टाकलं तर पुढच्या अभ्यासकाला तबकडीशी मेळ घालता येत नाही.

पहिलं चित्रपटगीत कोणतं?

१९५० च्या 'राम राम पाव्हणं' या चित्रपटासाठी. संगीतकार म्हणून लता मंगेशकरांचाही तो पहिलाच चित्रपट.

अनुवादांत काय वाचावं?

मुलांसाठी 'चौघीजणी'. लुईसा मे अल्कॉट यांच्या 'लिट्ल विमेन'चा हा अनुवाद साधारण अकरा ते चौदा वयाला चपखल बसतो. चार बहिणी, आई, युद्धावर गेलेले वडील. वातावरण परकं, पण संवाद मराठी घरातले वाटतात. मोठ्यांनी वाचला तर दुसरीच गोष्ट दिसते: भाषांतराचा वास न येता परकेपण कसं राखावं.

'पाण्यावरल्या पाकळ्या' हे जपानी हायकूंचं, म्हणजे तीन ओळींच्या छोट्या कवितांचं, मराठी रूप. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. त्या अत्र्यांच्या कन्या. पाच-सात-पाच अक्षरं मोजत बसलात तर निराशा होईल. जपानीतले ते एकक आणि आपलं अक्षर एक नव्हे. मराठीत मोजणीपेक्षा तीन ओळींतलं वळण महत्त्वाचं, दोन चित्रं शेजारी ठेवायची आणि मधला पूल बांधायचा नाही.

आणि 'मेघदूत'. कालिदासाचं मूळ काव्य मंदाक्रांता वृत्तात आहे: ओळीत १७ अक्षरं, चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. हत्तीच्या चालीची ही संथ लय मराठीत आणणं महाकठीण, कारण संस्कृतातले समास मराठीत फोडावे लागतात आणि फोडले की अक्षरं वाढतात. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर यांनीही 'मेघदूत' मराठीत आणलं आहे. वाचायची चांगली रीत अशी की संस्कृत श्लोक मोठ्याने म्हणावा, मग शांताबाईंचा अनुवाद, मग आणखी एकाचा. रोज तीन श्लोक धरले तर चाळीस दिवसांत पूर्वमेघ आणि उत्तरमेघ दोन्ही संपतात. प्रतींनुसार श्लोकसंख्या थोडी कमीजास्त असते, त्यामुळे क्रमांक जुळला नाही तर श्लोकाच्या पहिल्या शब्दावरून शोधा.

चित्रपटगीतं लिहिल्यामुळे कवी म्हणून त्यांचं नुकसान झालं, असं म्हणतात.

म्हणतात खरं. त्यांच्या हयातीतही गीतकार म्हणून डोक्यावर घेऊन कवी म्हणून बाजूला सारण्याची रीत होती. यामागची समजूत अशी की मनात आलं म्हणून लिहिलेली ती कविता, मागितली म्हणून लिहिलेली ती कारागिरी. पण आपल्याकडे आरत्या, ओव्या, पोवाडे, लावण्या यांतलं किती तरी कुणाच्या तरी मागणीवरून, प्रसंगासाठी लिहिलेलं आहे. 'अपर्णा तप करिते काननी' हे गीत 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गाची ओळख असल्याशिवाय असं उतरत नाही. आणि 'गोंदण'मधली कविता वाचताना कानाला जी स्वच्छता जाणवते ती गीतलेखनाने दिलेली आहे. एकीकडची कमाई दुसरीकडे खर्च झाली. पुढच्या काळात कविता मुक्तछंदाकडे वळली तेव्हाही ओळ कुठे तोडायची हे कानच ठरवत होता.

एवढं मात्र मान्य करावं लागेल की इतकं लिहिलं त्यात सगळंच टिकणारं नाही. ते कुणाचंच नसतं.

साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष त्याच ना?

नाही. पहिल्या कुसुमावती देशपांडे (ग्वाल्हेर, १९६१), दुसऱ्या दुर्गा भागवत (कऱ्हाड, १९७५), तिसऱ्या शांताबाई. त्यांचं संमेलन ६९ वं, १९९६ साली आळंदीला.

शांताबाई कांबळे आणि या एकच का?

नाही. 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे आत्मकथन शांताबाई कांबळे यांचं. नावाखेरीज काही समान नाही, पण शाळेच्या भित्तिपत्रकावर एकीच्या मजकुराखाली दुसरीचा फोटो लावला जातो.

त्यांच्या कविता किंवा गाणी कार्यक्रमात वापरायला परवानगी लागते का?

भारतीय कायद्यात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालतो. निधन २००२, म्हणजे हक्क ३१ डिसेंबर २०६२ पर्यंत. टोपणनावाच्या लेखनाला मुदत प्रकाशनापासून मोजतात, पण मुदत संपण्याआधी खरा लेखक उघड झाला तर पुन्हा मृत्यूपासूनचाच हिशोब लागतो. 'अवसरे' नावाची गीतं त्यामुळे मोकळी झाली असं समजू नये.

ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. तो प्रकाशनापासून ६० वर्षं. १९६४ च्या तबकडीचा २०२४ अखेर संपला. इथेच गफलत होते: तबकडी मोकळी झाली म्हणून शब्द मोकळे होत नाहीत. तसंच 'चौघीजणी'चं. मूळ इंग्रजी कादंबरी कधीच सर्वांची झाली, मराठी शब्द शांताबाईंचे आहेत आणि त्यांना २०६२ च लागू.

शाळा-कॉलेजात विद्यार्थी-शिक्षकांनी, फक्त विद्यार्थी, कर्मचारी आणि पालक यांच्यासमोर केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. समीक्षेसाठी श्रेय देऊन चार ओळी उद्धृत करायलाही अडचण नाही. तिकीट लावून गाण्यांचा कार्यक्रम करायचा असेल तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या गीत-संगीताच्या हक्कांचं काम पाहणाऱ्या संस्थेकडे आधी विचारणा करा. कवितांच्या वाचनासाठी प्रकाशकाला पत्र लिहा. पत्रात कवितेचं नाव, संग्रह, तारीख, सभागृहाची आसनसंख्या आणि तिकीट आहे की नाही, एवढं पहिल्याच वेळी लिहिलं की उलट प्रश्नांत वेळ जात नाही.

शाळेत पाच मिनिटांचं भाषण आहे. काय बोलू?

पाच मिनिटांत साधारण पाचशे शब्द बसतात. त्यांतले शंभरावर चरित्रात घालवू नका आणि पुरस्कारांची यादी तर नकोच. तिसऱ्या पुरस्काराला श्रोते खिडकीबाहेर बघू लागतात. एक कविता किंवा एक गाणं निवडा आणि त्यातला एकच शब्द उलगडा. डोलकर, फडताळ, यामिनी, कुठलाही. तो शब्द काय सांगतो, त्याऐवजी दुसरा घातला तर काय बिघडतं, हे वर्गाला करून दाखवा. 'चैत्रयामिनी'च्या जागी 'चैत्र रात्र ती' असं म्हणून पाहा. मात्रा बिघडत नाहीत, २३ च राहतात: 'यामिनी'ची पाच, 'रात्र ती'चीही पाच, पण 'चैत्र'नंतर श्वास तुटतो आणि जोडाक्षर मागच्या 'चैत्र'वर जाऊन आपटतं. बिघडतो तो नाद. मुलांना आधी हा सापळा लावा, मात्रा मोजायला सांगा आणि मग मोठ्याने म्हणायला लावा. नुसत्या मोजणीने गाणं होत नाही हे त्यांना कानाने कळेल.

तारखा सांगायच्याच असतील तर १२ ऑक्टोबर १९२२ ही एक पुरे. ती तोंडपाठ करा. भाषणात अडखळतात ते नेहमी वर्षापाशीच.